स्वस्त आणि वाईट

गेले तीन वीकएंड काहीच लिहिलं नाही. रिलीज होता, आणि रिलीजच्या दिवसांत शनिवार-रविवार फक्त कॅलेंडरवर असतात. त्याची भरपाई म्हणून आज जरा लांबलचक लिहितोय. चहा घेऊन बसा.

आमच्या घरात 'जर्मन' या शब्दाचे दोन अर्थ आहेत. आजीच्या तोंडी जर्मन म्हणजे अ‍ॅल्युमिनियम. जर्मनचं पातेलं, जर्मनचा डबा. "जर्मनच्या भांड्यात कढी ठेवू नको रे" हे वाक्य मी लहानपणी इतक्यांदा ऐकलंय की जर्मनी नावाचा देश आहे हे मला बऱ्याच उशिरा कळलं. तांब्या-पितळेची भांडी म्हणजे खरी भांडी, ती सणावाराला निघायची. जर्मनची रोजच्या वापराला. पोचा आला तरी कुणाला वाईट वाटायचं नाही, कारण ती स्वस्त होती.

दुसरा अर्थ बाबांचा. बाबांनी भोसरीतल्या एका छोट्या वर्कशॉपमध्ये तीस वर्षं लेथवर काढली. त्यांच्याकडे एक व्हर्नियर कॅलिपर आहे, तेलाच्या फडक्यात गुंडाळलेला. सेकंडहँड घेतलेला. लहानपणी मी तो एकदा पट्टी म्हणून वापरायला घेतला होता. "ते जर्मन मेक आहे, खाली ठेव," एवढंच बाबा म्हणाले, पण असे म्हणाले की मी आजतागायत त्याला विचारल्याशिवाय हात लावलेला नाही.

म्हणजे स्वयंपाकघरात जर्मन म्हणजे हलकं आणि हत्यारांच्या पेटीत जर्मन म्हणजे सगळ्यात भारी. मला यात कधी काही विचित्र वाटलं नव्हतं. वाटलं ते गेल्या महिन्यातल्या एका कॉलनंतर.

तर झालं असं. आमचा क्लायंट जर्मनीतला. (नाव विचारू नका, नोकरी टिकवायची आहे.) रिलीजनंतर दोन दिवसांनी डिफेक्ट्सचा रिव्ह्यू होता. कॉल संपला असं समजून तिकडचा एक जण म्यूट करायला विसरला आणि शेजारच्याला म्हणाला की या दरात आणखी काय मिळणार. इंग्रजीत म्हणाला, त्यामुळे समजलं नाही अशी सोयही नव्हती. इकडे आम्ही सहा जण होतो. सगळ्यांनी ऐकलं. कुणी काही बोललं नाही. थोड्या वेळाने लीडने कॉल कट केला आणि आम्ही कँटीनला गेलो.

मला राग आला होता. राग आला की काही लोक जिमला जातात, मी वाचत बसतो. जर्मन मालाला कधी कुणी असं बोललं होतं का, एवढंच शोधायचं होतं. म्हटलं, तोंडावर मारायला काहीतरी सापडेल. सापडलं, पण ज्याने हे सुनावलं तो माणूस जर्मनच निघाला. आणि गंमत म्हणजे मी त्याला ओळखत होतो!

मी शिकलो मेकॅनिकल, कॅम्पसमधून आलो आयटीत. (आमच्या बॅचमधल्या अर्ध्या मुलांची हीच गोष्ट.) ज्यांनी 'थिअरी ऑफ मशीन्स' घासून पास केलंय त्यांना लोअर पेअर, हायर पेअर, कायनेमॅटिक चेन हे शब्द आठवत असतील. यंत्राकडे असं जोड्या आणि साखळ्यांमध्ये बघण्याची पद्धत रुजवली ती फ्रान्झ रूलो या बर्लिनच्या प्राध्यापकाने. त्याच्या नावाचा एक त्रिकोण आहे. तिन्ही बाजू बाहेर फुगलेल्या, आणि कसाही फिरवला तरी रुंदी तेवढीच. त्या आकाराच्या ड्रिलने जवळजवळ चौकोनी भोक पाडता येतं. असो, त्रिकोणावर पुन्हा कधीतरी.

१८७६ साली अमेरिकेला शंभर वर्षं झाली म्हणून फिलाडेल्फियाला प्रचंड मोठं जागतिक प्रदर्शन भरलं. यंत्रांच्या दालनात कॉर्लिसचं १४०० अश्वशक्तीचं वाफेचं इंजिन उभं होतं आणि ते एकटं दालनातली बाकीची यंत्रं फिरवत होतं. ग्रॅहॅम बेलने आपला टेलिफोन लोकांना तिथेच दाखवला. जर्मनीचा सरकारी प्रतिनिधी आणि परीक्षक म्हणून तिथे गेला होता आपला रूलो. जर्मनी एक देश होऊन तेव्हा जेमतेम पाच वर्षं झाली होती. फ्रान्सला हरवल्याची धुंदी पुरती उतरली नव्हती, पण १८७३ च्या मंदीत बाजार मात्र उतरला होता. कारखानदारांपुढे एकच मार्ग होता, भाव पाडा. आणि भाव पाडायचा तर माल हलका करा. मजुरी इंग्लंडपेक्षा कमी होतीच.

रूलोने तिथून बर्लिनच्या 'नॅशनल-त्साइटुंग' या वर्तमानपत्राला पत्रं पाठवली. त्यांत त्याने सरळ लिहून टाकलं की आपल्या उद्योगाचं मूळ तत्त्व एकच दिसतं, 'बिलिश उंट श्लेष्ट'. म्हणजे स्वस्त आणि वाईट. पुढे त्याने असंही लिहिलं की आपल्या विभागात कलावस्तू म्हणून बघायला काय आहे, तर बिस्मार्क, मोल्टके आणि कैसर यांचे पुतळे. चिनी मातीचे, ब्राँझचे, जस्ताचे, लोखंडाचे. आणि यंत्रांच्या दालनात काय, तर क्रुपच्या अवाढव्य तोफा. बाकीचे देश लोकांच्या उपयोगाची यंत्रं मांडून बसलेत आणि आपण राष्ट्रभक्ती मांडून बसलोय, असा एकूण सूर.

आता विचार करा. सरकारने पाठवलेला माणूस. परदेशात. सगळं जग बघत असताना. देशात नुसता भडका उडाला. हा माणूस देशाची बदनामी करतोय, स्पर्धकांच्या हातात कोलीत देतोय, याला राष्ट्राभिमान आहे की नाही, वगैरे वगैरे. पुढचं ओळखीचं आहे, तपशील तुम्हीच भरा :) रूलो मागे हटला नाही. पुढच्या वर्षी, म्हणजे १८७७ ला, त्याने ती सगळी पत्रं पुस्तक करून छापली. त्याचं म्हणणं होतं की स्पर्धा करायची तर भावात करू नका, मालात करा.

इथून मी जरा वेगळ्या वाटेने इंग्लंडला नेतो, कारण गोष्टीचा दुसरा अर्धा भाग तिकडे आहे.

इंग्लंडमध्ये शेफील्ड हे चाकू-सुऱ्या-कात्र्यांचं गाव. शेफील्डचं पोलाद, शेफील्डची धार, याला जगभर मान. जर्मनीत तसंच गाव झोलिंगेन. तलवारींची पाती घडवण्याची शेकडो वर्षांची परंपरा त्यांचीही होती. पण १८७०-८० च्या काळात तिकडून स्वस्त पाती यायची आणि त्यांवर चक्क 'शेफील्ड' असा ठसा असायचा. (आपल्याकडे गल्लीत मिळणारे, एखादं अक्षर बदललेले ब्रँडेड शूज आठवा.) यात सगळा दोष जर्मनांचा होता असंही नाही. कित्येकदा खुद्द इंग्लिश व्यापारीच तिकडून स्वस्त माल मागवायचे आणि त्यावर ठसा हवा तो मारून घ्यायचे. दोघांचं भागत होतं, मरत होता तो शेफील्डचा कारागीर.

शेफील्डकरांनी ओरडा केला आणि १८८७ साली ब्रिटिश पार्लमेंटने 'मर्चंडाइज मार्क्स अ‍ॅक्ट' केला. लोकांना वाटतं की या कायद्याने प्रत्येक परदेशी वस्तूवर देशाचं नाव सक्तीचं केलं. तसं नव्हतं. ज्या परदेशी मालावरचं नाव किंवा खूण बघून तो ब्रिटिश वाटेल, त्यावर तो खरा कुठे बनला ते स्पष्ट लिहा, असा तो नियम होता. पण इंग्लंडच्या बाजारात येणाऱ्या मालावर काही ना काही इंग्रजी असायचंच, त्यामुळे 'मेड इन जर्मनी' हे शब्द घरोघर पोचले. हेतू उघड होता. गिऱ्हाईक वाचेल, नाक मुरडेल आणि शेजारचा इंग्लिश चाकू उचलेल.

गिऱ्हाइकाने वाचलं, किंमत बघितली आणि जर्मन चाकूच उचलला. वर त्याला हेही कळलं की इतके दिवस इंग्लिश समजून वापरलेल्या कितीतरी वस्तू जर्मन होत्या आणि त्या काही लगेच मोडल्या नव्हत्या. १८९६ मध्ये अर्नेस्ट एडविन विल्यम्स नावाच्या लेखकाने 'मेड इन जर्मनी' याच नावाचं पुस्तक लिहिलं. त्यात तो वाचकाला स्वतःच्याच घरात फिरवतो. पोरांची खेळणी, बाहुल्या, पेन्सिल, दिवाणखान्यातला पियानो, सगळं जर्मन. पुस्तक गाजलं, लोक घाबरले, पण म्हणून त्यांनी जर्मन पेन्सिली फेकल्या नाहीत. पुढे १९०३ पासून जोसेफ चेंबरलेनने आयातीवर कर लावण्याची मोहीम चालवली. विरोधकांनी विचारलं, मग पाव महाग होणार का? १९०६ च्या निवडणुकीत चेंबरलेनच्या पक्षाचा धुव्वा उडाला.

याच १८८७ साली, ज्या वर्षी इंग्लंडने ठशाचा कायदा केला, त्याच वर्षी जर्मनीत काय झालं माहितीये? बर्लिनजवळ शार्लोटेनबुर्गला एक सरकारी प्रयोगशाळा सुरू झाली. नाव लांबलचक आहे, फिजिकालिश-टेक्निशे राइक्सआनश्टाल्ट. काम एकच, मोजणे. वेर्नर सीमेन्सने जागा दिली आणि पहिला अध्यक्ष झाला हेल्महोल्ट्झ. थर्मामीटर बरोबर आहे का, विजेचा ओहम नेमका किती, दिव्याचा उजेड कसा मोजायचा, असली कामं. कारखानदार आपली उपकरणं तिथे तपासून घेऊ शकत होते. (उजेडाचं मोजमाप पक्कं करायच्या खटाटोपात तिथे गरम वस्तूंच्या प्रारणाची मापं घेतली गेली. ती जुन्या सिद्धांतात बसेनात, आणि त्यातून १९०० साली प्लांकचं सूत्र आलं. म्हणजे क्वांटम फिजिक्सचा उगम दिव्यांच्या क्वालिटी टेस्टिंगमध्ये आहे! आमच्या क्यूए टीमला हे सांगितल्यापासून त्या लोकांची कॉलर ताठ आहे.)

इंग्लंडला अशी प्रयोगशाळा काढायला १९०० साल उजाडलं. तोवर बराच खेळ होऊन गेला होता. येना गावात शॉट, आबे आणि त्साइस यांनी १८८४ मध्ये काच संशोधनाची प्रयोगशाळा काढली होती आणि सूक्ष्मदर्शक म्हणजे त्साइस असं समीकरण झालं होतं. फॉस्फरसवाल्या लोहखनिजापासून चांगलं पोलाद करण्याची युक्ती शोधली इंग्लंडच्या थॉमस आणि गिलख्रिस्टने, पण ती खरी फळली जर्मनीत. १८९३ च्या सुमारास पोलादाच्या उत्पादनात जर्मनी ब्रिटनच्या पुढे गेला. कृत्रिम रंगांचं तर विचारूच नका. पहिला रंग १८५६ मध्ये पर्किन या इंग्लिश पोराने केला, आणि १९१४ ला महायुद्ध सुरू झालं तेव्हा ब्रिटनला स्वतःच्या सैनिकांच्या खाकीच्या रंगाची चणचण पडली, कारण तो जर्मनीतून यायचा.

आता हे सगळं रूलोच्या एका पत्राने झालं असं मी म्हणत नाहीये. १८७७ चा पेटंट कायदा होता. १८७९ मध्ये बिस्मार्कने स्वतः आयातकर लावले होते, म्हणजे घरचा बाजार राखून ठेवला होता. तांत्रिक शिक्षणाचं जाळं आधीपासून होतं. "त्यांनी टीका मनावर घेतली आणि सुधारले" ही व्हॉट्सअ‍ॅप फॉरवर्डची गोष्ट झाली. पण एवढं खरं की ठसा तर दोन्हीकडे होता, तरी एका देशाने तो दुसऱ्याच्या मालावर मारण्यात शक्ती घातली आणि दुसऱ्याने आपला माल मोजायला सुरुवात केली.

यात आपण कुठे होतो? नीळ.

ही गोष्ट मला माहीत होती, पण या चौकटीत कधी बसवली नव्हती. निळीचा रंग म्हणजे हिंदुस्थानचा माल, विशेषतः बिहार-बंगालचा. मळे गोऱ्यांचे, राबणारे आपले. अडॉल्फ फॉन बायरने १८८० मध्ये नीळ प्रयोगशाळेत बनवून दाखवली, पण ती नैसर्गिक निळीपेक्षा महाग पडायची. बीएएसएफ या कंपनीने मग सतरा वर्षं आणि सुमारे १ कोटी ८० लाख मार्क त्यावर घातले. १८९७ मध्ये त्यांची नीळ बाजारात आली. ती हळूहळू स्वस्त झाली हे एक कारण, पण दुसरंही होतं. मळ्यातल्या निळीची वडी कधी गडद, कधी फिकी, पाऊस कसा झाला त्यावर ठरणार. कारखान्याची नीळ प्रत्येक डब्यात सारखी. रंगारी माणसाला दर वेळी प्रमाण बदलायची कटकट नको होती.

आणि मळेवाल्यांनी काय केलं? चंपारणमध्ये त्यांचा तीनकठिया नियम होता, म्हणजे बिघ्यातले तीन कठ्ठे नीळ पेरायचीच. नीळ परवडेना तेव्हा त्यांनी कुळांना सांगितलं, तुम्हाला या बंधनातून मोकळं करतो, त्याबद्दल वाढीव खंड द्या, नाहीतर रोख भरपाई द्या. जर्मन प्रयोगशाळेशी हरलेल्या स्पर्धेचं बिल बिहारी शेतकऱ्याच्या नावावर फाडलं. १९१७ मध्ये गांधीजी तिथे गेले ते याच भांडणात. स्वस्त मजुरीवर चालणाऱ्या धंद्याला काही शिकायची गरज वाटत नाही, आणि वेळ आली की तो मजुरीच आणखी पिळतो. आमच्या धंद्यात बसून हे वाचताना मला जरा थंडी वाजली.

आपल्याकडे दुसरं टोकही होतं. लोणावळा लोकलने जाताना तळेगाव लागतं ना, तिथे १९०८ मध्ये पैसा फंडाने काचेचा कारखाना काढला. अंताजी दामोदर काळे यांची कल्पना, लोकांकडून एकेक पैसा गोळा करायचा आणि त्यातून देशी उद्योग उभा करायचा. टिळकांचा पाठिंबा होता. १९०५ मध्ये पुण्यात परदेशी कपड्यांची होळी झाली ती सगळ्यांना पाठ असते, कारण होळी दिसते छान. तळेगावचा कारखाना त्या मानाने कुणाला आठवत नाही. पण मला त्यातली आवडणारी गोष्ट ही की तो माल विकण्याइतकाच माणसं शिकवण्यासाठी होता. काच कशी करायची हे तिथे मुलं शिकली आणि पुढे निरनिराळ्या कारखान्यांत गेली. १९१६ ला कऱ्हाडजवळ ओगले बंधूंचा काचकारखाना निघाला. त्यांचा प्रभाकर कंदील आमच्या गावच्या घरी अजून खुंटीला आहे. आजी त्याला नुसतं 'प्रभाकर' म्हणते, घरातल्या माणसासारखं. तिला तो देशी म्हणून नव्हे, वाऱ्यात विझत नाही म्हणून आवडायचा.

आणि हेही लिहायला हवं की आजीने जर्मनचं पातेलं घेतलं तेव्हा तिला पितळेची किंमत कळत नव्हती असं नाही. पितळ परवडत नव्हतं. लंडनच्या मजुराच्या बायकोचंही तेच. स्वस्त वस्तू घेणाऱ्याला नावं ठेवणं सोपं आहे. मी स्वतः ड्रिल मशीन घेताना चायना मेड उचललं आणि वर बाबांची बोलणी खाल्ली. (ते दोन वर्षं चालू आहे. बाबांना अजून मान्य नाही.) 'जपानी माल' ही आजोबांच्या पिढीत शिवी होती. १९५० मध्ये डेमिंग तिकडे जाऊन आकडेशास्त्र शिकवून आला, आणि बाबांच्या पिढीत जपानी बेअरिंग म्हणजे डोळे मिटून घ्यावं असं झालं. ज्या झोलिंगेनच्या पात्यांवर शेफील्डचा खोटा ठसा असायचा, त्याच झोलिंगेनला १९३८ मध्ये स्वतःच्या नावाची नक्कल होऊ नये म्हणून कायदा करून घ्यावा लागला!

एवढं सगळं वाचून मी सोमवारी ऑफिसला गेलो ते खरं तर भांडायच्या तयारीने. तुमच्याच रूलोने तुम्हाला काय म्हटलं होतं, वगैरे. एक झकास मेल डोक्यात तयार होता. लिहायच्या आधी म्हटलं, डिफेक्ट्सची यादी एकदा बघू. एकूण चौदा होते. त्यातले पाच माझ्या मॉड्यूलमधले. पाचपैकी दोन मला रिलीजच्या आधी माहीत होते. एक तर मी स्वतःच टेस्ट करताना पाहिला होता आणि रात्रीचे साडेअकरा वाजलेत, असं कोण करणार आहे वापरताना, म्हणून पुढे गेलो होतो. माझ्या रिपोर्टमध्ये त्या टेस्टपुढे 'पास' आहे. वर माझं नाव.

दर कमी आहे हे खरं. मुदत वेडी होती हे खरं. तो माणूस उद्धटपणे बोलला हेही खरं. पण तो 'पास' मी लिहिला होता, दर काहीही असता तरी मीच.

रात्री घरी आल्यावर बाबांना सगळं सांगितलं. क्लायंटचं, रूलोचं, माझ्या 'पास'चं. रूलोचं ऐकताना ते हसले, 'पास'चं ऐकताना नाही. मग म्हणाले, "आमच्याकडे गेजमध्ये न बसलेला जॉब कुणी पेटीत घातला, तर शेठ काही बोलायचे नाहीत. पेटी उघडायचे आणि सगळे जॉब परत मोजायला लावायचे. सगळे. ज्याने घातला त्यालाच."

म्हणून हे तीन वीकएंड. रिलीज एकच होता, दुसरा आणि तिसरा आठवडा मी जुन्या टेस्ट परत चालवण्यात घालवला. चौऱ्याऐंशी झाल्यात, एकवीस राहिल्यात. तीन 'पास' आत्तापर्यंत 'फेल' झाले आहेत आणि ते मी उद्याच्या कॉलवर सांगणार आहे. लीडला अजून माहीत नाही.